पानावरचा घास

मार्गशीर्षातलं ऊन आखाड्यावर, रानातल्या त्या घरावर, एकदम कधी येत नसे. पूर्वेकडच्या तुरीच्या शेंड्यांवर आधी काहीतरी फिकट हलल्यासारखं वाटे. त्याला उजेड म्हणावं तर पिवळ्या पडलेल्या शेंगा अजून काळ्याच दिसत, आणि अंधार म्हणावं तर विहिरीच्या कठड्यावर बसलेला होला स्पष्ट ओळखू येई. मग ते पोटरीतल्या ज्वारीवर उतरे, पानापानांवरच्या दवात थोडा वेळ रेंगाळे, आणि तिथून पत्र्याच्या शेडची कड धरून इतक्या सावकाशीनं पुढं सरके, की या घरात आपल्याला घेतील की नाही, याची त्याचीच खात्री नसावी. शेडनंतर म्हशीची पाठ. म्हशीनंतर चुलीचा धूर, जो उन्हात शिरेपर्यंत कुणाला दिसतच नसे. त्यानंतर न्हाणीपुढची ओली फरशी, उपड्या घातलेल्या कळशीचं बूड, ओसरीची पहिली पायरी. आणि सगळ्यात शेवटी, हायवेवरून हैदराबादकडं निघालेल्या ट्रकांचा आवाज सलग होऊ लागला, की ते भिंतीलगतच्या कोपऱ्यात पोचे. तिथं जमिनीत दोन खोलगे होते. एक मोठा, एक लहान, शेजारी शेजारी.

सुभेदार आणि मैना या कुत्र्यांनी अकरा वर्षं गोल गोल फिरून, नखांनी माती उकरून, पोटाच्या उबेनं घडवलेले ते खोलगे चैत्रापासून रिकामे होते. एक अख्खा पावसाळा त्यांच्यावरून गेला, तरी ते बुजले नव्हते. रणधीरनं बुजू दिले नव्हते. आईला त्यानं तसं शब्दानं कधी सांगितलं नाही. अंगण झाडता झाडता ती तिथवर आली, की तो नुसता जवळ जाऊन उभा राही, आणि तारामतीचा खराटा त्या कोपऱ्याला वळसा घालून पुढं जाई.

आज मात्र खराटा त्या कोपऱ्यावरूनही फिरेल, असं त्याला वाटलं होतं. चंपाषष्ठी होती. सहा दिवस देवापुढं तेवत असलेला दिवा आज उठायचा होता. वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा व्हायचा होता.

“उभाच ऱ्हातोस का पाणी भरतोस?” आई म्हणाली. “तळीला पाच माणसं यायलेत. पाय धुवायला पाणी नको?”

“पाच? आबा, मी, भावजी, शिवलिंगप्पाकाका. चारच की.”

तारामतीनं खराटा भिंतीला टेकवला आणि ती चुलीकडं वळली. ती उत्तर देत नसली की समजावं, उत्तर तिच्यापाशी आहे.

तळी उचलायला पाच पुरुष लागतात. ताम्हणात भंडारा, खोबरं, विड्याची पानं ठेवून पाच जणांनी ते हातांनी धरायचं आणि सदानंदाचा येळकोट म्हणून उचलायचं, हे या घरात कधी चुकलं नव्हतं. आणि पाचवे हात कायम बलभीमतात्यांचे असत. आबांचे ते धाकटे सख्खे भाऊ. बांधाला बांध, विहिरीला विहीर. चैत्रातल्या त्या सकाळपासून तात्यांनी हा बांध ओलांडला नव्हता. त्या सकाळी सुभेदार आणि मैना भुईमुगाच्या रानात पाय ताठ करून पडलेले सापडले, आणि चार माणसं जमलेली असताना रणधीर बोलला होता, “तात्यांनी रानडुकरांसाठी विषाच्या गोळ्या टाकल्यात. त्यांनीच मारलं ह्यांना.” जन्मात जो मुलगा चारचौघांत मान वर करून बोलला नव्हता, त्याचा तो एवढा मोठा आवाज ऐकून कुणाला शंका घ्यावीशी वाटली नाही. आबांनी भावाच्या दारात जाऊन नको ते ऐकवलं. गोळ्या तर त्या महिन्यात सगळ्या शिवारानंच टाकल्या होत्या.

रणधीर ती हकिकत नेहमी त्या सकाळपासून सांगत असे. आदल्या संध्याकाळपासून त्यानं ती कधीच सांगितली नव्हती, स्वतःलासुद्धा नाही.

नऊच्या सुमारास अर्पिताताई आणि भावजी उमरग्याहून पिकअप घेऊन आले. ताई तिथं एका दवाखान्यात नर्स होती, आणि रोज परक्यांना सुया टोचणाऱ्या माणसाच्या सराईतपणानं ती घरच्यांनाही टोचत असे. तिच्या मागून अमरनाथभावजी एक प्लॅस्टिकचं कॅरेट छातीशी धरून उतरले. वर ओलं पोतं टाकलेलं होतं.

“टमाटे आणलेत?” रणधीरनं विचारलं.

“टमाटेच,” भावजी म्हणाले. “फक्त वाटेत माझ्या विजारीवर दोनदा मुतले.”

पोतं हललं. त्याच्याखालून एक काळं नाक आणि मग एक तांबूस, अर्धवट दुमडलेला कान बाहेर आला. रणधीर दोन पावलं मागं सरला.

“गॅरेजमागं ट्रकखाली होती,” ताई म्हणाली. “आई कुणाच्या तरी चाकाखाली गेली. दोघंच उरलेत. एक इथं ठेवायचं, एक तात्यांकडं द्यायचं.”

“परत ने.”

“चहा तरी पिऊ दे आधी.”

“ताई, चेष्टा नाही. परत ने. ह्या घरात कुत्रं नको.”

“मग आज घास कुणाला घालणारेस? मला?” ताईनं पदर खोचला. “देवाचा नैवेद्य कुत्र्यानं घेतल्याबिगर ह्या घरात पंगत बसत न्हाय. आई आठ महिने झाले, दर रविवारी पान मांडतीया आणि कावळ्याला घालतीया. तुला दिसतंय का? का तुझे डोळे नुसते त्या खड्ड्यांवर?”

त्याला दिसत होतं. तेच तर दिसत होतं. आईचं माहेर येडशीचं. रामलिंगाच्या रानातली पळसाची पानं ती वाळवून, चवड बांधून आणत असे. दर रविवारी, खंडोबाचा वार म्हणून, भाकरीचा कुस्करा पळसाच्या पानावर घालून ती सुभेदार आणि मैनेपुढं ठेवी. एरवीची भाकरीही त्यांना पानावरच मिळे. पिल्लं होती तेव्हापासून तिनं त्यांना तेवढं एकच शिकवलं होतं. पानावर असेल ते आपलं. पानावर नसेल ते परक्याचं.

“त्यांच्या जागी ही नकोत,” तो हळू आवाजात म्हणाला.

“जागी कोण म्हनतंय? जागा त्यांचीच. ही शेजारी बसतील.”

पिल्लाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तांबूस कानाचं ते कॅरेटच्या कडेवरून धपकन खाली पडलं, उठलं, अंगणभर वास घेत गेलं आणि नेमकं मोठ्या खोलग्यापाशी थांबलं. तीन वेळा गोल फिरलं. मग आत बसलं. तिथं आता ऊन पुरतं आलं होतं.

रणधीर त्याला उचलायला गेला. हात पोटाखाली घातला, तेव्हा बोटांना ती ऊब लागली. नवीन, उतावळी, बरगड्यांच्या आत टकटकणारी. त्यानं पिल्लू उचललं खरं. पण ते ठेवायचं कुठं, हे त्याला सुचेना. पुढची पाच-दहा मिनिटं तो अंगणाच्या मध्यावर तसाच उभा राहिला, आणि पिल्लू त्याच्या सदऱ्याचं बटण चघळत राहिलं. चुलीपाशी बसलेल्या तारामतीनं ते पाहिलं आणि जाळात आणखी एक काटकी सरकवली.

शिवलिंगप्पा आले ते नेहमीप्रमाणे फाटकापासूनच बोलत. नळदुर्गचे किराणा व्यापारी, आबांचे शाळेपासूनचे दोस्त. घरात कन्नड, दुकानात मराठी आणि भांडणात दोन्ही.

“अरे वा, नायी आलं की घरात!” पिल्लाकडं बघून ते म्हणाले. कुत्र्याला ते कन्नडातच नायी म्हणत. “नाव काय?”

“नाव नाही ठेवायचं,” रणधीर म्हणाला. “जाणार आहे ते.”

“मग मांडीवर कशाला घेतलंस?”

तेव्हा कुठं रणधीरच्या लक्षात आलं, की आपण केव्हा तरी ओसरीवर बसलो आहोत.

आबा आतून आले. आबा, म्हणजे अमरसिंह, गुडघ्यानं अधू झाले होते, तरी बसताना कुणाचा हात घेत नसत. “चारच झालो,” ते म्हणाले. “यंदा चारांनीच उचलू. देव समजून घेईल.”

“देव समजून घेतोच,” शिवलिंगप्पा म्हणाले. “माणसांचं काय? अमरसिंह, खंडोबाची मूर्ती एकच. देव थोडे दिवस आमच्या नळदुर्गात ऱ्हातो, बाकी साल तुमच्या अणदुरात. आत्ता आमच्याकडं हाय. आजवर कधी वाट चुकला न्हाय. का? दोन गावांनी कागद करून ठिवलाय. आणि तुमी दोघं भाऊ, एका आईच्या पोटचे, एक बांध सांभाळता येईना तुमाला?”

“बांध म्या न्हाय मोडला. माझी लेकरं मारली त्यानं.”

“कुत्री होती, अमरसिंह.”

“लेकरं होती,” आबा म्हणाले, आणि शिवलिंगप्पांनी टोपी काढून पुन्हा घातली.

फाटक वाजलं.

बलभीमतात्या पांढऱ्या सदऱ्यात होते, हातात फडक्यात बांधलेलं खोबरं. आठ महिन्यांत ते दहा वर्षं पुढं गेल्यासारखे दिसत होते. आबा झटक्यात उठले आणि त्यांनी अर्पिताकडं पाहिलं. मग तारामतीकडं. दोघीही आपापल्या कामात एवढ्या गढल्या, की कट कुणी केला हे विचारायची गरज उरली नाही.

“कुणी बोलावलं?” आबांनी विचारलं.

“म्या,” तारामती चुलीकडं तोंड करूनच म्हणाली. “पाचवा लागतोय.”

“मला न विचारता?”

“विचारलं असतं तर तुमी काय म्हनला असता?”

तात्या पायरीखालीच थांबले. “दादा, तळी उचलायला आलोय. जेवायचं तुमी म्हनाल तर. न्हाय तर उचलून जातो.”

मांडीवरच्या पिल्लाचं हृदय वाजत होतं की आपलं, हे रणधीरला कळेना. तात्यांची नजर अंगणातून फिरली, त्या दोन खोलग्यांवर थांबली, आणि मग सरळ त्याच्यावर आली.

“आणि आणखी एक हाय,” ते म्हणाले. “आठ महिने झाले, रोज रात्री तेच आठवायलोय. गोळ्या म्या ओढ्याकाठी टाकल्या होत्या, काट्यांच्या आत. तिथनं भुईमुगाचं रान लई लांब. पण रणधीर खोटं बोलणारं पोरगं न्हाय. ल्हानपणापासनं बघतोय त्याला. तवा माझ्याच असतील. एखादं डुक्कर तोंडात धरून नेत असंल, सांडली असंल तिकडं. कसं का असंना.” त्यांनी डोक्यावरची टोपी हातात घेतली. “चुकलो, दादा. रणधीर, चुकलो बाबा.”

आता बोलायला हवं होतं. रणधीरला ते पुरतं ठाऊक होतं. पण आबांचा चेहरा त्याच क्षणी असा सैल झाला, आठ महिन्यांची गाठ अशी डोळ्यांदेखत सुटली, की आपण बोललो तर ती पुन्हा बांधली जाईल आणि या खेपेला दोरी आपल्याच गळ्यात असेल, एवढंच त्याला दिसलं. तो गप्प राहिला. आणि गप्प राहणं किती सोपं आहे, याची त्याला भीती वाटली.

“पाय धू,” आबा भावाला म्हणाले. “पाणी गार होतंय.”

अर्पितानं डोळे पुसले. भावजींनी नाक ओढलं आणि धुराला दोष दिला. फक्त तारामतीनं, तवा उतरवता उतरवता, मुलाकडं एकदा पाहिलं. रागानं नव्हे. एखादी वस्तू कुठं ठेवली आहे ते आपल्याला माहीत आहे, पण ज्याची आहे त्यानंच ती काढून द्यावी, असं ते बघणं होतं.

पाच जणांनी ताम्हण धरलं. रणधीरच्या बोटांना तात्यांची बोटं लागत होती. खरखरीत, थंड. “सदानंदाचा येळकोट!” आबा ओरडले, आणि तळी तीन वेळा उचलली गेली. भंडारा उडाला. तात्यांनी चिमूटभर भंडारा घेऊन पुतण्याच्या कपाळाला लावला. “मोठा हो,” ते म्हणाले. रणधीरला वाटलं, कपाळावर कुणी निखारा ठेवला असता तर बरं झालं असतं.

मग घास.

तारामतीनं चवडीतलं एक पळसाचं पान काढलं, फडक्यानं पुसलं, भंडाऱ्याचं बोट लावलं. त्यावर रोडग्याचा तुकडा, भरीत, वर तुपाची धार. पान तिनं अंगणाच्या मधोमध ठेवलं आणि अर्पितानं तांबूस कानाचं पिल्लू समोर सोडलं. सगळे भोवती उभे राहिले.

पिल्लानं पान हुंगलं. मागं सरलं. कडेकडेनं फिरलं, पानाचा देठ दातात धरून ओढून पाहिला, दचकलं आणि पळत येऊन रणधीरच्या पायांमागं लपलं.

“खाईना की,” भावजी म्हणाले. “उमरग्याचं हाय. हाटेलातलं लागत असंल.”

“दुसरं सोड,” आबा म्हणाले.

दुसऱ्यानंही तेच केलं. पान हवेनं थोडं हललं आणि दोन्ही पिल्लं एकाच वेळी भुंकली. शिवलिंगप्पा हसले, पण तारामतीच्या कपाळावर आठी आली. घास गार होत होता.

“पानावरचं खायाचं, ते उपजत येतंय व्हय?” तात्या म्हणाले. “शिकवावं लागतंय, वयनी. त्या दोघांना तुमी शिकवलं होतं.”

“शिकवलं म्हंजी कसं!” आबांचा ऊर भरून आला होता, भाऊ परत आला होता, आणि बोलायला आवडता विषय मिळाला होता. “शिवलिंगप्पा, तुला सांगतो, पान नसलं तर सुभेदार मटनाच्या हाडाला तोंड लावत नव्हता. अर्पिताच्या लग्नात आख्खी पंगत उठली, उष्टं पडलेलं, आणि ही दोघं जिभा बाहेर काढून बसलेली. तारामतीनं पान मांडलं तवा उठली. अकरा वर्षांत एकदा न्हाय, की भुईवरचं काही उचललं! एकदा न्हाय!”

खोबरं फोडायला वाकलेल्या तात्यांचा हात थांबला.

बाकी कुणाला काही जाणवलं नाही. आबा बोलतच होते. पण रणधीरनं तो थांबलेला हात पाहिला. तात्यांनी मान वर केली नाही. ते क्षणभर जमिनीकडं बघत राहिले, ओढ्याकाठच्या काट्यांत भुईवर टाकलेल्या आपल्या गोळ्या त्यांना तिथं दिसत असाव्यात. मग त्यांनी खोबऱ्यावर बत्ता घातला. कळलं होतं त्यांना. आणि ते गिळून टाकायचं, एवढ्यात ठरवूनही झालं होतं.

“रणधीर,” तारामती म्हणाली, “तुझ्यामागं लपतंय ते. तूच शिकव त्याला. पान पुढं घे, बोट लावून दाखव.”

तो खाली बसला. पिल्लू ताबडतोब त्याच्या गुडघ्यावर चढलं. त्यानं पान जवळ ओढलं. पळसाचं वाळकं पान, मधली शीर उचललेली, कडा किंचित वळलेल्या. हे पान पुढं सरकवायचं, त्यावर बोट टेकवायचं, एक कण पिल्लाच्या जिभेला लावायचा; चार रविवार असं केलं की ते शिकेल. मग पानावर जे असेल ते आपलं आहे, असं ते जन्मभर समजेल. कुणीही मांडलेलं असो. काहीही ठेवलेलं असो.

त्याच्या डोळ्यांपुढं ती आदली संध्याकाळ आली, आणि या वेळी तो वळला नाही. स्प्रिंकलर नुकते बंद केलेले. भुईमुगाचं रान ओलं. रानडुकरांसाठी विष घालून केलेल्या पिठाच्या गोळ्या चिखलात विरघळतील, म्हणून काहीतरी खाली घालायला हवं होतं. तो घरी आला. आई म्हशीपाशी होती. चवडीतून हाताला आली तेवढी पानं त्यानं घेतली. काळजीपूर्वक मांडली, एकेका पानावर एकेक. परत येताना सुभेदार फाटकापर्यंत सामोरा आला होता, त्याचा हात हुंगला होता, आणि शेपटी हलवली होती.

रणधीरनं रोडग्याचा तुकडा उचलून आपल्या तळहातावर घेतला आणि पान दूर सारलं. पिल्लानं हाताला नाक लावलं, एकदा वर पाहिलं आणि अधाशासारखं खाऊ लागलं. दुसरंही धावत आलं. दोन खरबरीत, लहानशा जिभा त्याच्या तळव्यावर फिरत होत्या.

“घेतला घास!” भावजी ओरडले. “चला, पंगत मांडा!”

“तसं नव्हं,” आबा म्हणाले. “पान का काढलं? आपल्या घरची रीत हाय ती. पानावरच खायला शिकव त्याला.”

“नको.”

“नको म्हंजी?”

“नाही शिकवायचं, आबा.” त्यानं मान वर केली. आई तवा हातात धरून उभी होती. तात्या नकारार्थी, अगदी पुसटशी मान हलवत होते: राहू दे, पोरा. त्यानं त्यांच्याकडंच पाहिलं, कारण दुसरीकडं पाहून ते बोलता आलं नसतं.

“त्या रानात पानं म्या मांडली होती.”